कांगाच्या टोकातले पैसे: किलिमांजारोच्या उतारावरच्या एका घराचं प्रकरण

टांझानियात मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून दोन वर्षं काम केलं. हे प्रकरण तिथल्या एका घराचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि काळ बदलला आहे, आणि दुसऱ्या एका घरातले काही तपशील यात मिसळले आहेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत. म्हातारीला सगळं गाव 'बीबी' म्हणायचं. स्वाहिलीत बीबी म्हणजे आजी. मीही तेच म्हणते.

पार्श्वभूमी

किलिमांजारोच्या दक्षिण उतारावर हाय नावाचा जिल्हा आहे. वस्ती मुख्यतः चाग्गा लोकांची. केळी आणि कॉफीची एकमेकांत मिसळलेली बाग, मधोमध घर, गोठ्यात बांधून पोसलेल्या एक-दोन गाई, याला तिथे किहांबा म्हणतात. किहांबा वडिलोपार्जित असतो. धाकटा मुलगा बहुधा आईवडिलांजवळ राहतो आणि राहतं घर त्याच्याकडे जातं. बाकीचे भाऊ पोटापाण्यासाठी अरुषाला, दार-ए-सलामला जातात आणि नाताळात घरी येतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं भांडण याच रचनेतून उभं राहिलं.

डिमेन्शियावर, म्हणजे म्हातारपणी होणाऱ्या स्मृतिभ्रंशावर, काम करणाऱ्यांना हाय जिल्हा माहीत असतो. 2010 साली इथे सत्तरी ओलांडलेल्यांची घरोघर पाहणी झाली आणि वयाचा हिशेब धरून 6.4 टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचं दिसलं. आफ्रिकेत हा आजार फारसा नसतोच, या जुन्या समजुतीला त्यातून चांगलाच धक्का बसला. पुढे याच भागात, शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्यांनाही देता येईल अशी 'आयडिया' नावाची छोटी चाचणी तयार झाली. गावात मात्र या आजाराला वेगळं नाव नाही. 'उगोंज्वा वा उझे', म्हणजे म्हातारपणाचा आजार, असं म्हणून लोक विषय संपवतात. आपल्याकडे 'म्हातारचळ लागलाय' म्हणतात, तसंच.

आमच्या फिरत्या पथकात तिघं होतो: एक क्लिनिकल ऑफिसर, एक परिचारिका आणि मी. तिथल्या आरोग्यकेंद्रांत बहुतेक ठिकाणी डॉक्टर नसतो, क्लिनिकल ऑफिसरच सगळं पाहतो. परिचारिका त्याच भागातली, पन्नाशीची. ती मला 'दादा' म्हणायची. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. मराठी कानाला ते पचायला मला महिना लागला.

तक्रार

प्रकरण आमच्याकडे आलं ते आजार म्हणून नव्हे, तक्रार म्हणून. दार-ए-सलामला राहणाऱ्या थोरल्या मुलाने आरोग्यकेंद्रात फोन करून सांगितलं की धाकट्याची बायको आईला उपाशी ठेवते, तिचे कॉफीचे पैसे चोरते आणि दुपारी तिला बांधून ठेवते. आई स्वतः फोनवर रडून सांगते, आणि आई खोटं बोलणार नाही.

आम्ही गेलो तेव्हा बीबी अंगणात स्टुलावर बसली होती. परिचारिकेने वाकून 'शिकामो' म्हटलं. धाकट्याने थोरल्याला करायचा हा नमस्कार. बीबीने क्षणाचाही वेळ न लावता 'माराहाबा' म्हणून तो स्वीकारला, पिकाची चौकशी केली, मी कुठली ते विचारलं. 'म्हिंदी', म्हणजे भारतीय, म्हटल्यावर मोशी शहरातल्या भारतीय दुकानदारांच्या खोड्या सांगून हसवलं. दहा मिनिटं मला वाटत होतं की थोरल्याचं म्हणणं खरं असावं. म्हातारीला काहीही झालेलं नाही, सून मात्र कोपऱ्यात मान खाली घालून उभी आहे.

अकराव्या मिनिटाला तिने मला पुन्हा विचारलं, तू कुठली. मग तोच दुकानदार, तीच खोडी, तोच हशा.

सुनेशी परिचारिका गोठ्यामागे वेगळी बोलली. सुनेने काहीच लपवलं नाही. रोज अकराच्या सुमाराला ती खाली सपाटीवर गाईसाठी गवत कापायला जाते आणि भारा डोक्यावर घेऊन दोन-अडीचला परत येते. नवरा बोडाबोडा चालवतो, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेतो, तो दिवसभर बाहेर. मुलं शाळेत. मागच्या पावसाळ्यात बीबी दुपारी निघाली आणि रात्री पाटाच्या काठी सापडली, अर्धी पाण्यात. त्या दिवसापासून निघताना सून तिचा पाय कांगाने पलंगाला बांधायची. कांगा म्हणजे तिथल्या बायका कमरेला, डोक्याला, पोर पाठीशी बांधायला वापरतात ते सुती कापड. जेवण शेजारी ठेवून जायची. बीबी जेवायची, विसरायची, आणि संध्याकाळी थोरल्याचा फोन आला की सांगायची, सकाळपासून पोटात काही नाही.

आणखी एक गोष्ट सुनेने फार हळू आवाजात सांगितली. बीबी तिला शाप देते. चाग्गांमध्ये आईबापाच्या शापाची भीती लहानसहान नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या लागतो असं मानतात. त्या वर्षी सुनेचा गर्भ पडला होता.

तपासणी

बीबीचं नेमकं वय कुणालाच माहीत नव्हतं. अशा वेळी मोठ्या घटना विचारत मागे जायचं असतं. 1961 साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा किती मुलं होती? दोन, तिसरं पोटात. म्हणजे आता ऐंशीच्या आसपास.

चाचणी परिचारिकेने घेतली. आज वार कोणता? रविवार. (गुरुवार होता. पण चर्चचे कपडे घातलेले, पाहुणे आलेले, तिच्या हिशेबाने रविवारच.) पूल म्हणजे काय? 'तिथून खाली उतरून पोरी कपडे धुतात. मोठा पाऊस आला की आमचा वाहून जातो.' आम्ही तिला ते गुण दिले. उत्तर छापील नव्हतं, पण पूल तिला ठाऊक होता. एका मिनिटात प्राणी सांग म्हटलं तर गाय, शेळी, गाय, आणि मग काळजीने, 'माझी गाय कुठे नेली?' थोड्या वेळापूर्वी सांगितलेल्या दहा शब्दांपैकी एकही आठवला नाही.

शेवटी काडेपेटीच्या चार काड्या. परिचारिकेने एक आकृती मांडून दाखवली आणि तशीच मांड म्हणून काड्या दिल्या. बीबीने त्या नीट गोळा केल्या, कांगाच्या टोकात ठेवल्या आणि घट्ट गाठ मारली. पंधरापैकी पाच गुण. सात किंवा त्याहून कमी आले तर डिमेन्शियाचा संशय दाट.

ती गाठ पाहिली आणि मी धाकट्या मुलाला विचारलं, घरात धान्याचे डबे किती आहेत? म्बेगेसाठी लागणाऱ्या नाचणीच्या पिंपात हात घातला तर कापडाच्या तीन पुरचुंड्या निघाल्या. एकीत 45,000 शिलिंग, दुसरीत किलिमांजारो नेटिव्ह को-ऑपरेटिव्ह युनियनची कॉफीची जुनी पावती, तिसरीत साखर. म्बेगे ही केळी आणि नाचणीची तिथली दारू. बीबीला ती करणं जमेनासं झाल्यापासून त्या पिंपाकडे कुणी फिरकलं नव्हतं. धाकटा मुलगा पुरचुंड्या हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. 'या पैशांवरून मी बायकोवर हात उचललाय,' एवढंच म्हणाला.

बाकीच्या तपासणीत रक्तदाब 190/100 निघाला, औषध काहीच चालू नव्हतं. एका डोळ्यात मोतीबिंदू होता. हिमोग्लोबिन, सिफिलिस, एचआयव्ही या तपासण्या ठीक आल्या. आणि एक गोष्ट खटकली: अंग ताठ, पावलं फरफटत, चेहरा कोरा. चौकशी केल्यावर कळलं की दोन महिन्यांपूर्वी एका दवाखान्यात 'फार ओरडते' म्हणून हॅलोपेरिडॉल हे मानसिक आजारावरचं औषध सुरू केलं होतं, आणि तेव्हापासून ती दोनदा पडली होती. हे औषध स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं, म्हणून ते पटकन लिहिलं जातं. म्हाताऱ्या माणसाला त्याने कंपवातासारखा ताठरपणा येऊ शकतो, आणि डिमेन्शियात जिवाचा धोकाही वाढतो.

कोणते रस्ते होते

त्या संध्याकाळी आम्ही तिघं गाडीत बसून भांडलो.

माझं म्हणणं होतं की बांधणं म्हणजे बांधणं, जिल्ह्याच्या समाजकल्याण अधिकाऱ्याला कळवलं पाहिजे. क्लिनिकल ऑफिसर म्हणाला, कळव. अधिकारी येईल, सुनेला दम देईल, निघून जाईल. उद्या दुपारी गवत कोण आणणार? गवत नाही तर दूध नाही, दूध नाही तर मुलांची फी नाही. परिचारिका गप्प होती. मग म्हणाली, 'दादा, तू तिच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?' मला उत्तर सुचलं नाही. कळवायचं नाही असं ठरलं, पण अट घातली: महिन्याभरात बांधणं थांबलं नाही तर कळवायचं. आज मागे वळून पाहता हा निर्णय मला बरोबर वाटतो. तेव्हा खात्री नव्हती.

दुसरा रस्ता मोशीच्या मोठ्या रुग्णालयात नेऊन मेंदूचा स्कॅन करण्याचा. ती दोनदा पडली होती, म्हणजे कवटीच्या आत रक्त साकळून ही अवस्था आली असण्याची शक्यता होती, आणि तसं असेल तर ती शस्त्रक्रियेने सुधारते. पण विसरभोळेपणा चार वर्षांचा होता, पडण्याच्या कितीतरी आधीचा. खर्च घराच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा. आम्ही ठरवलं की आधी हॅलोपेरिडॉल थांबवू, तीन आठवडे पाहू, उतार पडला नाही तर स्कॅन.

वृद्धाश्रमाचा विषय धाकट्या मुलानेच एका वाक्यात संपवला. तिकडचे सरकारी वृद्धाश्रम निराधारांसाठी असतात, आणि पोटची मुलं असताना आईला तिथे ठेवणं म्हणजे किहांबावर थुंकणं. डिमेन्शियाची खास औषधं जिल्ह्यात मिळत नव्हती. मिळाली असती तरी महिनोन्‌महिने विकत घेणं परवडलं नसतं. तो रस्ता आम्ही फार चर्चा न करता सोडला.

उरलं घर. इथे माझ्याजवळ एक गोव्याची शिदोरी होती. डिमेन्शियाचे दोनतृतीयांश रुग्ण विकसनशील देशांत, आणि त्यावरचं लोकसंख्येतलं संशोधन तिथे दहा टक्क्यांहूनही कमी, या आकड्यांवरून नाव घेतलेला '10/66' हा संशोधकांचा गट 1998 साली कोचीनला भरलेल्या बैठकीतून उभा राहिला. त्याच परंपरेत गोव्यात 81 कुटुंबांवर एक प्रयोग झाला आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेले, थोडं प्रशिक्षण घेतलेले सल्लागार घरी जायचे, सांभाळणाऱ्या माणसाला आजार समजावायचे, त्रास देणाऱ्या एकेका वागण्यावर उपाय शोधायचे. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्याने कमी झाला. याच गटाने आठवड्याला अर्धा तास, अशा पाच बैठकांचं साधं प्रशिक्षणही बेतलं होतं. आम्ही तेच करायचं ठरवलं.

पाळकांकडे जाण्याची चूक

शापाचं मात्र त्या पाच बैठकांत काही नव्हतं. सून रात्र-रात्र झोपत नव्हती. आजारी माणसाच्या तोंडून आलेला शाप शाप नसतो, हे आम्ही सांगून तिला पटणार नव्हतं. हा भाग ल्यूथरन चर्चचा, आणि पाळकांचा शब्द तिथे चालतो. मी सुचवलं, त्यांच्याशी बोलू. परिचारिका म्हणाली, सुनेला विचारून जाऊ. मी म्हटलं, वेळ जाईल, आणि तिच्या भल्यासाठीच तर चाललोय.

पाळक सज्जन गृहस्थ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सगळं म्हणजे पिंपातले पैसे, शाप, बांधणंही. पुढच्या रविवारी ते वृद्धांविषयी बोलले, तळमळीने बोलले. म्हातारपणी माणूस जे बोलतो त्यात आजार बोलत असतो, हे त्यांनी उत्तम समजावलं. आणि मग म्हणाले, ज्या हातांनी तुम्हाला पाठीशी बांधून वाढवलं, त्यांना कापडाने पलंगाला बांधू नका.

नाव घेतलं नाही. गरजही नव्हती.

त्यानंतर गवताला एकत्र जाणाऱ्या बायका सुनेला न घेता निघू लागल्या. आम्ही घरी गेलो तर दार उघडलं नाही. सहा आठवडे उघडलं नाही. दुसऱ्या खेपेला ती बंद दाराआडून परिचारिकेला म्हणाली, 'गाठ सैल होती. हे तुम्ही त्यांना सांगितलं नाही.'

खरंच, सांगितलं नव्हतं. मी ती गाठ पाहिली होती. बीबीने पाय ओढला असता तर निघाली असती. बांधलंय एवढं बीबीला आठवत राहायचं आणि ती बसून राहायची.

दार उघडलं ते परिचारिकेमुळे. ती एका दुपारी एकटीच, गणवेश न घालता गेली, सुनेबरोबर सपाटीवर उतरली, गवत कापलं, भारा उचलून चढ चढली. मला तिने येऊ दिलं नाही. आठवड्याने पाळकांना घेऊन गेली. त्यांनी सुनेची माफी मागितली आणि बीबीसमोर, तिचा हात सुनेच्या डोक्यावर ठेवून प्रार्थना केली. बीबी खूश होती, तिला वाटलं बारसं आहे.

पाच बैठका आणि एक नाताळ

मधल्या काळात हॅलोपेरिडॉल बंदच होतं. सुदैवाने औषध थांबवायला धाकट्या मुलाने हरकत घेतली नव्हती, आणि रक्तदाबाच्या गोळ्या तो स्वतः द्यायचा. आम्ही पुन्हा घरात शिरलो तेव्हा बीबीची पावलं मोकळी झाली होती. उतार पडल्यामुळे स्कॅन मागे पडला.

बैठकांतल्या तीनच गोष्टी टिकल्या, त्या सांगते. एक म्हणजे वाद घालायचा नाही. 'मी पैसे घेतले नाहीत' म्हणण्याऐवजी 'चला बीबी, शोधू या' म्हणायचं आणि पिंपापर्यंत हात धरून न्यायचं. दुसरी, सुनेने स्वतः काढलेली युक्ती: सकाळी कांगाच्या टोकात दोन नाणी बांधून तो बीबीच्या कमरेला द्यायचा. दिवसभर गाठ चाचपली की ती शांत. तिसरी, गवताला जाण्याआधी अर्धा तास तिला पाटापर्यंत हिंडवून आणायचं आणि मग पुढ्यात घेवड्याची टोपली ठेवायची. ती निवडायची. संध्याकाळी तेच दाणे पुन्हा मिसळले जायचे. मला हे फसवल्यासारखं वाटलं, सुनेला अजिबात नाही.

तरी अकरा ते दोन घर रिकामंच राहायचं. पाय बांधणं थांबलं, पण दाराला बाहेरून कडी लागायची. बांधण्यापेक्षा बरं, एवढंच. मदतीला कुणी हवं तर पैसे हवेत, आणि पैसे थोरल्याकडे होते. फोनवर त्याला परिचारिकेने दोनदा समजावलं. त्याचं उत्तर एकच: तुम्हाला त्या बाईने फितवलंय.

नाताळात तो आला. तिसऱ्या दिवशी सकाळी बीबीने अख्ख्या अंगणात आरडाओरडा केला की या अनोळखी माणसाने माझे पैसे चोरले. तो माणूस म्हणजे थोरला. सुनेने त्याला काही ऐकवलं नाही. 'चला बीबी, शोधू या' म्हणाली आणि म्हातारीला पिंपाकडे घेऊन गेली. आम्हाला हे त्यानेच सांगितलं, नववर्षाच्या आठवड्यात, आरोग्यकेंद्राच्या पायरीवर बसून.

जानेवारीपासून तो एम-पेसावरून, म्हणजे मोबाइलवरून, पैसे पाठवू लागला. बालोझीने, म्हणजे दहा घरांच्या प्रमुखाने, शेजारची एक मुलगी शोधून दिली. ती अकरा ते तीन थांबायची.

काय झालं

मुलगी येऊ लागल्यावर कडी सुटली. बीबी पुन्हा पडली नाही. बाजारच्या दिवशी आरोग्यकेंद्रात आम्ही म्हाताऱ्यांचा एक गट चालवायचो, चौदा बैठकांचा. गप्पा, गाणी, जुन्या वस्तू ओळखणं. ही पद्धत इंग्लंडात घडलेली, पण टांझानिया आणि नायजेरियासाठी तिच्यात बदल करून वापरलेली आहे. बीबी सहांना आली. मग मासिका सुरू झाला, मार्च ते मेचा मोठा पाऊस, आणि त्या चिखलातून तिला आणणं शक्य नव्हतं. स्मरणशक्ती काही सुधारली नाही, सुधारणार नव्हतीच. सून झोपू लागली. गवताच्या टोळीत तिला पुन्हा जागा मिळाली की नाही ते मी विचारलं नाही.

सात महिन्यांनी थोरल्याची नोकरी गेली, पैसे थांबले, मुलगी यायची बंद झाली. मी परतले तेव्हा आठवड्यातून तीन दुपारी धाकटा मुलगा बोडाबोडा बाजूला लावून घरी थांबायचा. उरलेल्या दिवशी कडी लागायची.

पुन्हा करायचं झालं तर

पाळकांकडे जायला माझा आजही विरोध नाही. शाप उतरवणं आमच्या हातात नव्हतं, त्यांच्या होतं. पण आधी सुनेला विचारलं असतं, काय सांगू आणि काय नको. ती बहुधा म्हणाली असती, शापाचं सांगा, कांगाचं नको. पाळकांना तेवढंच पुरलं असतं. गुप्तता रुग्णाची पाळायची हे मला कॉलेजात शिकवलं होतं. सांभाळणारीलाही ती लागते, हे कागदावर माहीत होतं, अंगवळणी नव्हतं.

स्कॅन न करणं फळलं, म्हणून ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. वर्गणी काढायची खटपटसुद्धा आम्ही केली नाही. त्यातही तीन आठवड्यांनी पाहू म्हटलं आणि नंतर सहा आठवडे दारच बंद होतं. त्या काळात तिला काही झालं असतं तर आम्हाला कळलंही नसतं.

थोरल्याला आम्ही फार उशीर करून तक्रारदारातून भाऊ केलं, तेही आम्ही नाही, बीबीने. फोनवर आजार समजावण्यात दोन तास घालवण्यापेक्षा 'तू आठ दिवस येऊन राहा' एवढंच पहिल्या दिवशी म्हणायला हवं होतं. आणि मदतनीस मुलीचा पगार एकाच माणसाच्या नोकरीवर टांगला नसता. अरुषाला एक बहीण होती. मुली लग्न होऊन गेल्या की किहांबाच्या हिशेबात नसतात, म्हणून तिला कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. परवा परिचारिकेचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला की ती बहीणच आता महिन्याला थोडे पैसे पाठवते, आणि मंगळवारी-शुक्रवारी मुलगी पुन्हा येते.